प्रोजेस्टेरॉन की प्रोजेस्टिन : एका नावाच्या घोळाची पार्श्वभूमी

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात नौपाड्यातल्या कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहा, पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला कोणीतरी येतंच. ती नॉरइथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम. घरात तिला प्रोजेस्टेरॉनची गोळी म्हणतात, आणि आयव्हीएफवाल्यांना (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्यांना) लिहून देतात ती 200 मिलिग्रॅमची कॅप्सूलसुद्धा प्रोजेस्टेरॉनच. खरं तर दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत आणि हा घोळ जवळपास नव्वद वर्षं जुना आहे.

1903 सालीच सशांवर दिसलं होतं की बीज सुटल्यावर ओव्हरीत मागे राहणारा पिवळा गोळा काढला तर गर्भ टिकत नाही. 1929ला त्या गोळ्याचा अर्क काढला गेला आणि त्यातल्या हार्मोनला नाव दिलं प्रोजेस्टिन. 1934मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी तेच शुद्ध रूपात मिळवलं, कोणी त्याला ल्युटिओस्टेरॉन म्हणू लागलं, मग 1935ला लंडनमध्ये तडजोड होऊन प्रोजेस्टेरॉन हे नाव ठरलं. इथवर ठीक होतं. पण प्रोजेस्टिन हा रिकामा झालेला शब्द कोणी पुसला नाही, तो पुढे कृत्रिम औषधांना चिकटला. मूळ हार्मोन तोंडाने घेतलं तर लिव्हरमध्येच बरंचसं मोडतं, म्हणून 1951ला मेक्सिकोत नॉरइथिस्टेरॉन बनवलं, ज्याचा रासायनिक सांगाडा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जवळचा आहे. काम बरंचसं तेच, वस्तू दुसरी. माझ्या मते दोघांना इतकी मिळतीजुळती नावं राहू देणं ही मोठी चूक होती.

दुसरा गैरसमज म्हणजे बाईच्या शरीरातली दोन हार्मोन, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, एकमेकांची दुश्मन. 1930च्या दशकातल्या प्रोजेस्टेरॉनच्या चाचणीत कोवळ्या सशाला आधी इस्ट्रोजेन द्यावंच लागायचं, नाहीतर प्रोजेस्टेरॉनचा गर्भाशयाच्या अस्तरावर नीट परिणाम दिसत नसे. का, ते कळायला 1970च्या आसपासचा काळ उजाडला. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं आणि त्याच पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टरही (हार्मोन जिथे येऊन चिकटतं त्या जागा) तयार करवतं, म्हणजे पाहुण्याला बसायला पाट आधीच मांडलेला असतो. मग प्रोजेस्टेरॉन येतं आणि इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करतं, आपले स्वतःचेही कमी करतं, शिवाय इस्ट्राडायॉल या ताकदवान इस्ट्रोजेनचं इस्ट्रोन या कमजोर इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम वाढवतं. वाढ थांबते आणि अस्तर गर्भ रुजण्यासाठी तयार होतं. नंतर प्रोजेस्टेरॉन उतरलं की अस्तर सुटतं, म्हणूनच ती पूजेची गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

हे नीट समजण्याआधीच मेनोपॉजनंतर नुसतं इस्ट्रोजेन द्यायची पद्धत पडली होती. 1975ला अमेरिकेतून त्यामुळे गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढत असल्याचे अहवाल आले, आणि गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा प्रोजेस्टिन द्यायचं असं ठरत गेलं. 2002ला तिथलीच, अशा दोन्ही औषधांच्या एकत्र गोळीची एक मोठी ट्रायल मधेच थांबवली, त्यात 16,608 बायका होत्या, सरासरी वय 63, आणि ब्रेस्ट कॅन्सर वर्षाला दर 10,000 बायकांमागे साधारण 8 जास्त दिसले. त्या गोळीतलं दुसरं औषध मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन होतं, म्हणजे कृत्रिम, पण लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच की प्रोजेस्टेरॉनने कॅन्सर होतो. त्यावरून मूळ हार्मोन निर्धोक ठरतं असंही नाही, पण ते त्या ट्रायलमध्ये नव्हतंच, आणि हे कोणीतरी ठासून सांगायला हवं होतं.

वाशीला आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. त्यांनी कुठेतरी हेच ऐकलं आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल कॅन्सरवाली म्हणून आपल्या मनानेच बंद केली, इस्ट्रोजेन मात्र बरं वाटतं म्हणून चालू ठेवलं, तेही गर्भाशय शाबूत असताना. दीड वर्षाने ब्लीडिंग सुरू झालं, सोनोग्राफीत अस्तर 14 मिलिमीटर, बायोप्सीत हायपरप्लेसिया, म्हणजे अस्तराची अवाजवी वाढ. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन थांबवून जे औषध सुरू केलं ते प्रोजेस्टिन होतं, आणि मावशी अजूनही त्याला प्रोजेस्टेरॉनच म्हणतात.