पूल नक्की कुणाचा? गोखले पुलाच्या आधीची आणि नंतरची गोष्ट

मुंबईत अंधेरीला रुळांवरून पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल ११ मे २०२५ ला पूर्ण सुरू झाला तेव्हा सगळीकडे "चला सुटलो एकदाचे" असाच सूर होता, पण हा पूल इतकी वर्षं का रखडला ते समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

२९ सप्टेंबर २०१७. पाऊस पडत होता, सकाळची ऑफिसची वेळ, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पूल पडला नव्हता हं, तो गर्दीला पुरत नव्हता एवढंच, आणि ते रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मग सैन्याला बोलावलं, त्यांनी एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवलीला पादचारी पूल बांधले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते सुरूही झाले. म्हणजे मनावर घेतलं तर चार-पाच महिन्यांत होतं.

त्यानंतर ३ जुलै २०१८, परत पावसातली सकाळ. १९७५ च्या गोखले पुलाचा फुटपाथवाला भाग थेट वेस्टर्न रेल्वेच्या रुळांवर कोसळला. मोटरमनने वेळेत ब्रेक मारला म्हणून लोकल वाचली, नाहीतर काय झालं असतं कल्पनाच नको. तरी जखमींपैकी दोघं नंतर गेलेच. आणि लगेच सुरू झालं, पूल कुणाचा? रुळांवरचा भाग रेल्वे बघते, दोन्ही बाजूचे उतार पालिकेचे, दुरुस्तीचे पैसे पालिका रेल्वेला देते, त्यामुळे पालिका म्हणते आम्ही पैसे दिलेत, रेल्वे म्हणते जबाबदारी तुमची. माझ्या मते मुंबईतल्या पुलांचं खरं दुखणं हेच आहे, गंजलेलं लोखंड त्याच्या नंतर येतं.

तेव्हा रेल्वेकडून आयआयटी मुंबईला सोबत घेऊन ४४५ पुलांच्या तपासणीची घोषणा झाली. पालिकेचं स्वतःचं ऑडिट वेगळं चालू होतंच, त्यात सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल 'किरकोळ दुरुस्ती करा, बाकी ठीक' म्हणून पास झाला. तोच पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी पडला, ७ जण गेले. खाली सिग्नल लाल होता म्हणून गाड्या थांबलेल्या, हे नशीब. रेल्वेने लगेच सांगून टाकलं की पूल पालिकेचा आहे. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली आणि पालिकेला सगळ्या पुलांचं परत ऑडिट करायला लागलं. नवीन हिमालय पूल लोकांना मिळाला तो ३० मार्च २०२३ ला, म्हणजे चार वर्षांनी.

दुसऱ्यांदा तपासल्यावर मात्र सगळ्यांनी धास्तीच घेतली, जरा शंका आली की पूल बंद. गोखले ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला आणि अंधेरी पूर्व-पश्चिम जाणं म्हणजे शिक्षाच झाली. मस्जिद बंदरजवळचा १८६८ चा कर्नाक पूल त्याच महिन्यात २७ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ लोकल थांबवून, पाडला, त्याच्यावर जड वाहनांना बंदी तर २०१४ पासूनच होती. त्याच्या जागी आलेला पूल १० जुलै २०२५ ला सिंदूर नावाने सुरू झाला. सँडहर्स्ट रोडजवळच्या हँकॉक पुलाचं तर विचारूच नका, पाडला जानेवारी २०१६ ला, आणि नवीन सुरू व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडलं.

गोखलेची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली तर शेजारच्या बर्फीवाला फ्लायओव्हरशी उंचीच जुळेना, दीड-दोन मीटरचा फरक! रेल्वेच्या नियमांप्रमाणे रुळांवरची उंची वाढवली होती आणि बर्फीवाला आपला जुन्याच लेव्हलला, त्यावर मीम्सचा पाऊस पडला ते आठवत असेलच. शेवटी बर्फीवालाचा टोकाचा भाग जॅक लावून वर उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले गेले.

आता सप्टेंबर २०२५ पासून एल्फिन्स्टनचा गाड्यांसाठीचा जुना पूल पाडकामासाठी बंद आहे, ज्या स्टेशनपासून हे सगळं सुरू झालं त्याच्याच शेजारचा, फक्त स्टेशनचं नाव आता प्रभादेवी झालंय.