कृषी-अवशेषांपासून जैवविघटनशील प्लॅस्टिक (गोवा)

शेतमालाच्या टाकाऊ भागातील साखरेवर सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्या पेशींत साठणारे पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट (पीएचए) हे जैवविघटनशील प्लॅस्टिक वेगळे काढण्याची पद्धत. कार्बन मुबलक पण नायट्रोजन तुटपुंजा असला, की अनेक जिवाणू जादा कार्बन पीएचएच्या कणांच्या रूपात साठवतात. अनुकूल स्थितीत कणांचे प्रमाण पेशीच्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते.

पीएचएच्या शोधाचे श्रेय बहुधा पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मोरिस लमॉन्य यांना दिले जाते (सुमारे १९२५-२६, बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत). काही लेखक ते डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांच्या १८८८ च्या निरीक्षणांपर्यंत मागे नेतात. तथापि बायेरिंक यांना सूक्ष्मदर्शकाखाली केवळ चकाकणारे कण दिसले होते. त्यांची रासायनिक ओळख लमॉन्य यांनी पटवली, म्हणून रूढ मतच अधिक ग्राह्य वाटते.

गोव्यातील संशोधनाचा मुख्य आधार मिठागरे हा होय. बॅसिलस मेगाटेरियमचाच एच१६ हा पीएचए साठवणारा वाण येथील मिठागरांतून मिळाला (२०१३). बिट्स पिलानीच्या गोवा परिसरात उसाच्या चिपाडांचे आम्लाने विघटन करून त्या द्रावावर हॅलोजिओमेट्रिकम बोरिनक्वेन्स हा लवणप्रेमी सूक्ष्मजीव वाढवण्यात आला (२०१७). त्याच्या कोरड्या वजनात सुमारे निम्मे पीएचए आढळले. या सूक्ष्मजीवाला सर्रास जिवाणू म्हटले जाते. काटेकोरपणे तो आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या गटातील आहे. हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो. जिवाणूंच्या पेशी फोडण्यास सहसा रसायने किंवा यांत्रिक दाब लागतो. हे लवणप्रेमी आर्किया मात्र गोड्या पाण्यात टाकताच फुटतात आणि कण मोकळे होतात. शिवाय सुमारे २० टक्के मिठाच्या द्रावात इतर जंतू सहसा तग धरत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा खर्च वाचतो. पीएचएचा साधा प्रकार असलेले शुद्ध पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट ठिसूळ असते. ते लवचीक होण्यासाठी जिवाणूंना प्रोपिऑनिक आम्लासारखे पूरक द्यावे लागते. हॅलोजिओमेट्रिकमच्या वाणाने मात्र चिपाडांच्या साखरेतूनच व्हॅलरेट हा लवचीकपणा देणारा घटक असलेले बहुवारिक (पॉलिमर) बनवले, ही त्या प्रयोगाची खरी मिळकत.

काजूच्या बोंडांचा चोथा आणि भाताचा पेंढा हे गोव्यातील इतर अवशेष. पेंढ्यातील सेल्युलोज आधी विघटित करावे लागते. बोंडांत साखर सुटीच असते.

पीएचए मातीत व समुद्राच्या पाण्यातही विघटन पावते, म्हणून किनारी प्रदेशाला त्याचे मोल मोठे. उत्पादनाचा खर्च खनिज तेलापासूनच्या प्लॅस्टिकपेक्षा अजून बराच जास्त आहे. लवणप्रेमी वाणांच्या बाबतीत खाऱ्या सांडपाण्याची विल्हेवाट आणि पोलादी पात्रांना लागणारा गंज यांची त्यात भर पडते.