घरगुती बिअरसाठी यीस्टचे संवर्धन व साठवण

घरी बिअर करताना एका खेपेचे यीस्ट वाढवून व राखून पुढच्या खेपांना वापरण्याची पद्धत. एल प्रकारच्या (उबेत आंबवलेल्या) बिअरला सॅकरोमायसीझ सेरेव्हिसी ही जाती लागते, तर लागरला (थंडीत आंबवलेल्या बिअरला) सॅकरोमायसीझ पास्टोरिअॅनस. यीस्ट वाढवणे यातले सोपे काम. त्याच्या जोडीने दुसरे काही वाढू न देणे अवघड. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवला, तोही याच अडचणीपोटी: बिघडलेल्या बिअरमध्ये रानटी यीस्ट शिरलेले असे.

वीस लिटर मध्यम ताकदीच्या एलला सुमारे १८० अब्ज जिवंत पेशी लागतात, लागरला साधारण दुप्पट. जवळच्या पेशी कमी पडत असतील तर आधी ‘स्टार्टर’ करतात. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुके माल्टसत्त्व (मोड आणलेल्या जवाचा साखरयुक्त अर्क) घालून ते दहा-पंधरा मिनिटे उकळायचे, झाकून कोमट होईपर्यंत निववायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. घनता (पाण्याची १.००० धरून) १.०४० च्या आत ठेवतात, कारण दाट साखरेचा पेशींवर ताण येतो. भांडे सतत ढवळत राहिल्यास हवा मिळते. पेशीपटलाला लागणारी स्टेरॉले (एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ) यीस्टला ऑक्सिजनशिवाय बनवता येत नाहीत. एक-दोन दिवसांत वाढ पुरी होते. मग भांडे थंड करायचे, वरची निवळी ओतून द्यायची आणि तळाचा दुधी साका वापरायचा. अगदी थोड्या पेशींपासून सुरुवात असेल तर १० मिलिलिटर, १००, मग एक लिटर असे दहापटीने चढतात.

किण्वन संपल्यावर तळाशी बसलेले यीस्ट निर्जंतुक बरणीत भरून १ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवणे हा साठवणीचा सर्वांत सोपा मार्ग. बरणीत खाली हॉप-प्रथिनांचा काळपट गाळ, त्यावर सायीसारखा यीस्टचा थर आणि वर बिअर दिसते. हे यीस्ट पाण्याने धुण्याची चाल आहे; पण ती बहुधा वाया जाणारी मेहनत, कारण वरच्या बिअरचे आम्ल व अल्कोहोलच जंतूंना रोखून धरते. झाकण मात्र घट्ट लावू नये, वायू साचून बरणी फुटते. दोन-तीन आठवड्यांनंतर जिवंत पेशी घटत जातात, तेव्हा पुन्हा स्टार्टर करावा. साका तपकिरी पडला, जळक्या रबरासारखा वास आला की फेकून द्यावा: पेशी स्वतःलाच पचवू लागलेल्या असतात.

महिनोन्‌महिने टिकवायचे तर वर्ट (बिअर होण्याआधीचे माल्टचे गोड पाणी) घातलेल्या आगरच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीच्या) तिरप्या नळ्या वापरतात. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेले यीस्ट उणे ८० अंशांना वर्षानुवर्षे राहते; आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरच्या फ्रीझरचे तापमान मात्र खालीवर होते आणि पेशी मरतात. नळ्या-माध्यमे प्रेशर कुकरमध्ये १२१ अंशांना किमान १५ मिनिटे ठेवावीत. नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून सीलबंद केलेला वर्ट फ्रीजबाहेर साठवू नये. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू तग धरतात.

नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकरी यातले काहीच न करता ‘क्वाइक’ हे आपले घरचे यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या राखत आले. कोरलेल्या लाकडी कड्यांवर किंवा गवताच्या वेटोळ्यांवर ते यीस्ट वाळवून टांगत आणि पुढच्या वेळी सरळ वर्टमध्ये बुडवत. हान्सेन यांच्या अर्थाने ते शुद्ध नव्हतेच. त्यात बहुधा अनेक वाण एकत्र नांदत.