मुका मार आणि डोळ्याची बाहुली

गाडीवरून पडला, डोकं आपटलं, पण शुद्धीत आहे आणि सीटी स्कॅन नॉर्मल आलं, एवढं ऐकलं की आपल्या बेळगाव-निपाणीकडची माणसं हुश्श करतात. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो. कवटीच्या आत मेंदू हिंदकळल्याने पेशींच्या कामात झालेला बिघाड मात्र त्यात बहुधा दिसत नाही. रुग्ण किती शुद्धीत आहे हे मोजणाऱ्या, 1974 साली ग्लासगोत तयार झालेल्या मोजपट्टीवर अशा रुग्णाला 15 पैकी 13 ते 15 गुण मिळतात, म्हणजे मार 'सौम्य'. पुढे डोकं दुखणं, गरगरणं, काही न सुचणं हे सगळं रुग्णाच्या सांगण्यावर. आणि आखाड्यातला पोरगा कुस्ती सुटू नये म्हणून "काय झालं नाही" असंच सांगणार!

डोळ्याच्या बाहुलीवर मात्र त्याचा ताबा नसतो. डोळ्यात उजेड पडला की संदेश मध्यमेंदूत जातो, तिथून तिसऱ्या मज्जातंतूने परत येतो आणि साधारण पाव सेकंदात बाहुली आकसू लागते. वाटेत कुठे गडबड असेल तर ती हालचाल बदलू शकते. मोठ्या रक्तस्रावाने हा मज्जातंतू दाबला गेला तर एक बाहुली ठळक मोठी होते. ते डॉक्टरांना साध्या बॅटरीनेही दिसतं. सौम्य मारातला फरक मिलिमीटरच्या अंशांत असतो. त्यासाठी प्युपिलोमीटर लागतो. त्याचा इन्फ्रारेड कॅमेरा बाहुली किती आकसली, किती वेगाने, आणि पुन्हा मोठी व्हायला किती वेळ लागला हे टिपतो.

गंमत म्हणजे फरक कोणत्या दिशेने पडतो यावरच एकमत नाही. काही अभ्यासांत बाहुल्या मंदावलेल्या दिसल्या. 2020 साली अमेरिकेतल्या किशोरवयीन खेळाडूंच्या अभ्यासात मार लागलेल्यांच्या बाहुल्या उलट मोठ्या आणि जास्त वेगाने आकसणाऱ्या निघाल्या. म्हणून एका आकड्यावर निदान करू पाहणाऱ्या यंत्रावर मी तरी विसंबणार नाही.

आपल्याकडे आणखी भानगडी आहेत. पिकावर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात भिनलं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. भांगलताना धोत्र्याचा चीक डोळ्यात गेला तर एकच बाहुली मोठी होते. शिवाय सुमारे पाचातल्या एका धडधाकट माणसाच्या बाहुल्यांत मुळातच किंचित फरक असतो.

यावर उपाय म्हणजे तुलना त्याच माणसाशी करायची: जत्रेच्या मैदानांचा हंगाम सुरू होण्याआधी पैलवानाची नोंद घ्यायची आणि डोकं आपटल्यावर तिच्याशी ताडून बघायची. पण उलट्या, वाढती गुंगी किंवा अचानक लहानमोठ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या, तर मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.