मुकादमाचं काम नेमकं कोणतं?

कोल्हापुरात बांधकामावर सुपरवायझर आला तो अलीकडे. त्याआधी असायचा मुकादम. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'पुढे असलेला'. गवंडी-बिगारी गोळा करायचे, हजेरी मांडायची, आठवड्याचा पगार वाटायचा. परांचीचा सुंभ सैल दिसला तर तो ओरडायचा, नाही असं नाही. पण त्याला ठेवलेलं असायचं काम उरकण्यासाठी.

कायद्यालाही घाई नव्हती. १९४८ चा कारखाने कायदा शिरोलीतल्या फाउंड्रीला लागू होता, गावात उभ्या राहणाऱ्या इमारतीला नाही. बांधकाम मजुरांचा स्वतंत्र कायदा झाला १९९६ साली, केंद्राचे नियम १९९८ मध्ये, महाराष्ट्राचे २००७ मध्ये. त्यातही सुरक्षा अधिकारी सक्तीचा तो ५०० मजूर असतील तिथेच. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत हा आकडा २५० वर आला. राजारामपुरीतल्या चार मजली अपार्टमेंटवर स्लॅबच्या दिवशीसुद्धा एवढी माणसं नसतात. म्हणजे सगळा भार पुन्हा मुकादमावर.

१९९८ च्या नियमांनी परांची 'जबाबदार व्यक्ती'च्या देखरेखीखाली उभारायला आणि उतरवायला सांगितली. अमेरिकेच्या नियमांतली 'सक्षम व्यक्ती' मला जास्त नेमकी वाटते: तिला धोका ओळखता आला पाहिजे, आणि तो तिथल्या तिथे दूर करण्याचा अधिकारही हवा. आपल्याकडे प्रशिक्षणाची चर्चा होते ती पहिल्या अटीपुरती. घोडं अडतं दुसरीवर.

स्लॅबचे टेकूच घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ते किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याला १४. हा हिशेब साध्या पोर्टलँड सिमेंटचा. आता बहुतेक पोती फ्लाय अॅशवाल्या सिमेंटची येतात आणि ते सुरुवातीला सावकाश घट्ट होतं, म्हणून मुदत वाढवावी लागते. पायाच्या चराचंही तसंच: दीड मीटरहून खोल गेलं की बाजूंना आधार द्यायचा, उपसलेली माती काठावर रचायची नाही. पंचगंगेकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिथे तर हे टाळून चालतच नाही.

आता सुपरवायझर म्हणून येणाऱ्या, डिप्लोमा झालेल्या पोराला हे सगळं पाठ असतं. पण स्लॅबखाली टेकूंवर बसवलेल्या साच्याच्या प्लेटा भाड्याच्या, दिवसावर पैसे चढणारे. पाचव्या दिवशी त्या न्यायला टेम्पो दारात येतो. पोरगा म्हणतो, "अजून नाही काढायच्या." ठेकेदार त्याच्याकडे न बघताच सेंट्रिंगवाल्याला हाक मारतो. पोराचा पगार त्याच ठेकेदाराकडून येतो.