अंटार्क्टिकावरचे ताड आणि विषुववृत्ताची थाप

‘अंटार्क्टिकावर पूर्वी झाडं होती, कारण तो तेव्हा विषुववृत्तापाशी होता’ हे बरीच वर्षं फिरतंय. झाडं खरी, कारण चुकीचं. 2010 मध्ये अंटार्क्टिकाच्या पूर्व भागातल्या विल्क्स लँडच्या किनाऱ्यालगत समुद्रतळ खोदून काढलेल्या गाळात सुमारे 5 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचे परागकण मिळाले: ताडवर्गीय झाडांचे आणि गोरखचिंचेच्या भाऊबंदांचे. खंड तेव्हाही ध्रुवाजवळच होता!

परागाचं कवच भलतंच चिवट. खडक हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळतो, कवच उरतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरच्या नक्षीवरून कूळ ओळखतात. वाऱ्याने कुठून तरी उडत आले असतील? गोरखचिंचेचं परागण वटवाघळं-कीटक करतात, वारा नव्हे. ताडांना कडाक्याची थंडी सोसत नाही. म्हणजे ध्रुवीय रात्रीतही हिवाळा सौम्यच होता. हवेत कार्बन डायऑक्साइड तेव्हा आजच्यापेक्षा बराच जास्त होता, खरी मेख तिथे आहे.