कोळशाचा धूर आणि ऑक्सफर्डचं शहीद स्मारक

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरात सेंट जाइल्स रस्त्याच्या टोकाला एक उंच, टोकदार, नक्षीदार दगडी स्मारक आहे. बरेच टुरिस्ट ते कुठल्यातरी चर्चचं शिखर समजून पुढे निघून जातात. पण ते स्मारक आहे तीन माणसांचं. लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना 16 ऑक्टोबर 1555 ला आणि आर्चबिशप क्रॅनमरला 21 मार्च 1556 ला इथून जवळच जिवंत जाळलं. मेरी राणीने देश परत कॅथलिक करायला घेतला होता आणि हे तिघे प्रोटेस्टंट मत सोडायला तयार नव्हते (क्रॅनमरने आधी माघार घेतली होती, पण मरायच्या दिवशी ती सगळ्यांसमोर मोडली आणि माघारीवर सही करणारा उजवा हात आधी आगीत धरला. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं).

स्मारक उभं राहिलं त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी. 1841 ला काम सुरू झालं, 1843 ला संपलं. त्यामागे त्या वेळच्या चर्चमधलं राजकारण होतं, पण मला बोलायचंय ते दगडाबद्दल.

आर्किटेक्ट होता जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, तेव्हा तिशीचाच. ऑक्सफर्डचा जवळचा हेडिंग्टनचा दगड हवेत पापुद्रे सुटून गळतो हे तोवर सगळ्यांना दिसत होतं, कॉलेजांच्या भिंती त्याची साक्ष देत होत्या. म्हणून दगड आणला लांबून, नॉटिंगहॅमशरमधल्या मॅन्सफील्ड वुडहाउसच्या खाणीतून. हा मॅग्नेशियमवाला चुनखडक, म्हणजे साध्या चुनखडकात फक्त कॅल्शियम कार्बोनेट असतं तर यात जोडीला मॅग्नेशियम कार्बोनेटही. त्याच सुमारास लंडनच्या नव्या पार्लमेंटसाठी एक सरकारी समिती देशभरच्या खाणी बघत फिरली होती, त्यात भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम स्मिथसुद्धा होते, आणि त्यांनी 1839 च्या रिपोर्टमध्ये याच जातीच्या दगडाला पसंती दिली. जुन्या चर्चेसमध्ये तो शेकडो वर्षं टिकलेला त्यांनी बघितला होता, त्यामुळे निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

बदलली ती हवा. घराघरात कोळसा, कारखान्यात कोळसा, आणि कोळशात असतं गंधक. ते जळलं की सल्फर डायऑक्साइड, त्याचं ओलाव्यात आणि हवेत होतं सल्फ्युरिक ॲसिड, आणि ते चुनखडकावर बसलं की कॅल्शियम कार्बोनेटचं होतं जिप्सम, म्हणजे ज्याला भाजून आपण गणपतीच्या मूर्तींचं पीओपी करतो तेच. जिप्सम मूळ दगडापेक्षा पाण्यात जास्त विरघळतं. म्हणून जिथे थेट पाऊस लागतो तिथे ते धुऊन जातं आणि दगड उजळ दिसतो पण हळूहळू झिजत असतो. जिथे पाऊस पोचत नाही, कोनाड्यात, छज्ज्याखाली, नक्षीच्या खाचांमध्ये, तिथे जिप्सम साचत जातं, त्यात काजळी अडकते आणि काळं कवच तयार होतं. गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपियन चर्चेसच्या धाटणीच्या टोकदार नक्षीत अशा आडोशाच्या जागाच जागा! कवच सुटतं तेव्हा खालचा भुसभुशीत झालेला दगडही घेऊन जातं.

मॅग्नेशियममुळे अजून एक भानगड होते. त्याच ॲसिडने मॅग्नेशियम सल्फेट तयार होतं, म्हणजे पाय सुजले की पाण्यात टाकतात ते एप्सम सॉल्ट. हे तर जिप्समच्या शेकडो पट विरघळतं, त्यामुळे पाण्याबरोबर दगडाच्या छिद्रांत आत शिरतं, पाणी सुकलं की आतच स्फटिक होतात. हवेतला दमटपणा कमीजास्त झाला की या स्फटिकांतलं पाणीही कमीजास्त होतं, ते फुगतात आणि आकसतात, आणि प्रत्येक वेळी छिद्राच्या भिंतीवर दाब येतो. वर्षानुवर्षं हे चाललं की दगड आतून फुटतो, खड्डे पडतात. पार्लमेंटचा दगड तर बांधकाम चालू असतानाच ढासळायला लागला.

1952 च्या डिसेंबरात लंडनच्या धुरक्याने हजारो माणसं मेली, मग 1956 ला क्लीन एअर ॲक्ट आला आणि कोळशाचा धूर कमी होत गेला. आता गाड्यांचा धूर आहे, आणि दगडात आधीच मुरलेले क्षार काही आपोआप जात नाहीत. स्मारकाची मोठी डागडुजी या शतकाच्या सुरुवातीला झाली. अशा कामात वायर ब्रश किंवा वाळूचा जोरात मारा करून दगड चकचकीत करणं मला साफ चुकीचं वाटतं, कारण काळ्या थराबरोबर शाबूत पृष्ठभागही जातो आणि उघड्या पडलेल्या छिद्रांत पाणी आणखी सहज शिरतं. त्यापेक्षा लगदा लावून क्षार ओढून घेणं किंवा लेझरने थर हळूहळू काढणं बरं, वेळ आणि पैसा जास्त लागतो तरी.

याच स्कॉटने पुढे मुंबईत न येता राजाबाई टॉवरचं डिझाइन केलं, तो 1878 मध्ये पूर्ण झाला. त्या काळातल्या मुंबईच्या बऱ्याच इमारतींच्या कोरीव कामाला पोरबंदरचा दगड वापरलाय, तोही चुनखडकच, आणि इथे गाड्यांच्या धुराच्या जोडीला समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे.